स्टायपेंडवाली रिसर्च इंटर्नशिप: पहिल्या-दुसऱ्या वर्षात या चुका टाळा

पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच प्रयोगशाळेत काम मिळावं आणि त्याचे पैसेही मिळावेत, यात आता नवल राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये यूआरओपी हा पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी देणारा उपक्रम सुरू केला. त्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही संशोधनात घेतात. पुढे असे उपक्रम अनेक विद्यापीठांत आले. तरीही अर्ज करणाऱ्यांचा एक गैरसमज जात नाही: आपल्याला विषयातलं फारसं येत नाही, म्हणून आपल्याला घेत नाहीत. या टप्प्यावर तुम्हाला विषय येत असेल अशी मार्गदर्शकाची अपेक्षाच नसते. तुम्ही आठवड्याला किती तास देणार आणि हातात घेतलेलं काम नोंदींसकट तडीस नेणार का, हे तो पाहतो. अर्जात नेमकी याचीच उत्तरं नसतात.

पात्रता वरवर वाचणं

‘दुसरं वर्ष’ म्हणजे दुसऱ्या वर्षात शिकणारा की दुसरं वर्ष पूर्ण केलेला, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. त्यातही अटी निरनिराळ्या गोष्टींवर बेतलेल्या असतात. अमेरिकेच्या एनएसएफ या विज्ञानाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या आरईयू या पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन योजनेत नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना बघतात. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या राइज जर्मनी या इंटर्नशिप योजनेत तुमचं विद्यापीठ उत्तर अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये आहे का, हे बघतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या समर स्टुडंट कार्यक्रमाला विद्यापीठातली किमान तीन वर्षं पूर्ण झालेली लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षात तिकडे अर्ज करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आरईयूची निवडही एनएसएफ करत नाही, ज्या संस्थेत ती ‘साइट’ म्हणजे संशोधनाचं ठिकाण आहे ती करते.

अर्ज भरायला घेण्याआधी एका तक्त्यात योजनेचं नाव, पूर्ण झालेली वर्षं, नागरिकत्व, सुरू होण्याची तारीख, आठवडे आणि शिफारसपत्रांची संख्या लिहा. तुमची परीक्षा संपण्याआधीच सुरू होणाऱ्या योजना लगेच बाद करा. ‘नंतर सवलत मागू’ हा हिशेब सहसा चुकतो, कारण सुरुवातीचं सुरक्षा प्रशिक्षण सगळ्यांचं एकत्र होतं.

एकच ईमेल पन्नास प्राध्यापकांना

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर थोडं सविस्तर.

‘आदरणीय सर, आपलं संशोधन मला अत्यंत प्रेरणादायी वाटतं. मी मेहनती आणि जिज्ञासू आहे. आपल्या प्रयोगशाळेत संधी मिळावी ही विनंती.’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. त्यापेक्षा असं लिहा: ‘मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. तुमच्या गटाच्या पातळ थरांवरच्या शोधनिबंधातली तिसरी आकृती वाचली. तापमान वाढल्यावर रोध एकदम का घसरतो, हे मला नीट कळलं नाही. पायथनमध्ये डेटा वाचून आलेख काढता येतात. १ जूनपासून ८ आठवडे पूर्ण वेळ देऊ शकतो.’ यात स्तुतीचा एक शब्द नाही, पण निबंध उघडून पाहिल्याचा पुरावा आहे. ‘कळलं नाही’ असं लिहायला घाबरू नका. प्रामाणिक आणि नेमका प्रश्न तुमच्या बाजूनेच बोलतो.

मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा. विषयाच्या ओळीत वर्ष, विषय आणि कालावधी यायला हवा. सोबत एका पानाचा बायोडेटा आणि गुणपत्रक, दोन्ही पीडीएफमध्ये जोडा. हे ईमेल सुट्टीच्या तीन-चार महिने आधी जायला हवेत, कारण पैशांची तरतूद तेव्हाच ठरते. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करून द्या, तीही एकदाच. एकाच विभागातल्या चार जणांना एकाच दिवशी लिहू नका. ते एकमेकांशी बोलतात.

कुठूनच उत्तर येत नसेल, तर प्राध्यापकांऐवजी त्यांच्या गटातल्या पीएचडी विद्यार्थ्याला विचारा. रोजच्या कामाला हात कमी पडतोय का, हे त्याला आधी माहीत असतं.

प्रस्तावात जग बदलणं

काही योजनांत प्रस्ताव लागतो. कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाच्या सर्फ या उन्हाळी संशोधन योजनेत तर आधी मार्गदर्शक शोधून त्याच्यासोबतच तो लिहायचा असतो. विद्यार्थी लिहितात, ‘कर्करोगावर उपाय शोधणे’. आठ आठवड्यांचा हिशेब मांडून पाहा: पहिले दोन सुरक्षा प्रशिक्षण आणि उपकरण शिकण्यात जातात, शेवटचा अहवाल आणि पोस्टरमध्ये, आणि मध्ये एखादा आठवडा काहीतरी बिघडल्यामुळे जातोच. उरतात चार. चार आठवड्यांत एकच मोजमाप चार-पाच परिस्थितींत, प्रत्येक वेळी किमान तीनदा घेता येईल, असा प्रश्न निवडा.

शिफारसपत्र आयत्या वेळी मागणं

पहिल्या वर्षात तुम्हाला ओळखणारे शिक्षक थोडेच असतात. दोनशे जणांच्या वर्गाला शिकवणाऱ्या नामवंत प्राध्यापकापेक्षा, दर आठवड्याला तुमची प्रात्यक्षिकाची वही तपासणारे शिक्षक केव्हाही बरे, कारण ते ठोस काही लिहू शकतात. तीन आठवडे आधी विचारा आणि सोबत अंतिम तारीख, बायोडेटा आणि त्यांच्याकडे केलेल्या कामाच्या चार ओळी द्या. पोर्टलवरून त्यांना जाणारी लिंक अनेकदा स्पॅममध्ये पडते. अर्ज भरला त्याच दिवशी ‘लिंक आली का?’ असं विचारून घ्या.

पैशांबद्दल विचारायला लाजणं

लाजू नका, हा व्यवहार आहे. होकार कळवण्याआधी एवढं लेखी घ्या: एकूण रक्कम, हप्ते किती आणि कधी, राहण्याची सोय त्यात धरली आहे का, प्रवासखर्च आधी मिळतो की तिकिटं दाखवल्यावर, कर कापला जातो का. पहिला हप्ता बऱ्याच ठिकाणी महिनाअखेरीस येतो, म्हणून पहिल्या पाच आठवड्यांच्या खर्चाची सोय आधीच करून ठेवा. एकाच कामाचे पैसे आणि अभ्यासक्रमाचं क्रेडिट दोन्ही मिळतील असं धरून चालू नका. यूआरओपीमध्येही दोहोंपैकी एकच मिळतं. दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर तिचे नियमही पाहा.

‘जागा निश्चित’ करण्यासाठी तुमच्याकडूनच शुल्क मागणारी ‘रिसर्च इंटर्नशिप’ दिसली की लांब राहा. काही खऱ्या योजनांत अर्जाचं माफक शुल्क असतं, पण निवड झाल्यावर प्रमाणपत्रासाठी पैसे मागणं हे धोक्याचं लक्षण आहे.

हप्ता अडकला तर मार्गदर्शकाला दोष देण्यात अर्थ नाही, बिलं लेखा विभाग काढतो. बँकेच्या तपशिलातली एका अक्षराची चूक किंवा रुजू झाल्याचं पत्र न पोचणं, ही दोन कारणं आधी तपासा.

रुजू झाल्यावर गप्प बसणं

अडलं की तीन-तीन दिवस कोणाला न सांगता झगडणं ही नव्या मुलांची हमखास चूक. तास-दीड तास स्वतः प्रयत्न करा. मग काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, हे तीन ओळींत लिहून विचारा. उपकरणातून विचित्र आवाज किंवा वास आला तर मात्र तासभरही थांबू नका, तिथल्या तिथे सांगा.

नोंदवही रोज, त्याच दिवशी आणि पेनने लिहा. चुकलेलं खोडू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा. मूळ डेटा फाइलला कधीही हात लावू नका, बदल प्रतीवर करा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवला की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. प्रत्येक नळीवर पदार्थ, तीव्रता, तारीख आणि तुमची आद्याक्षरं लिहा, तीही झाकणावर नव्हे, नळीच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात.

मार्गदर्शक भेटतच नसेल, तर ‘वेळ कधी आहे?’ असं विचारू नका. दर शुक्रवारी एक आलेख, एक अडचण आणि पुढच्या आठवड्याचं काम असा पाच ओळींचा ईमेल पाठवा. त्याला उत्तर देणं सोपं असतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी फोल्डर नीट लावा. कोणती फाइल कशाची, कोड कोणत्या क्रमाने चालवायचा, नमुने कोणत्या फ्रीजच्या कोणत्या कप्प्यात आहेत, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि गटातल्या एखाद्याला तेवढ्यावरून एक आलेख पुन्हा काढायला सांगा. तो जिथे अडेल तिथे तुमची नोंद अपुरी आहे, ती जाण्याआधी पूर्ण करा.