निलवंतासाठी लिंबाचं रोप

कॉलेजच्या आवारात फुलपाखरांसाठी प्रकल्प करताय? मग नुसती शोभेची फुलं लावू नका. मादी अंडी घालते ती अळीच्या खाद्यझाडावर. निलवंत, म्हणजे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, लिंबूवर्गीय झाडांवर वाढतं. लिंबू, कढीपत्ता आणि इतर फुलपाखरांसाठी रुई, एवढ्यापासून सुरुवात करा. पानं कुरतडलेली दिसली तर आनंद माना, आणि माळीकाकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते काळजीपोटी फवारणी करतील! मधमाश्यांसाठी तुळस मंजिऱ्यांसकट राहू द्या. एकेकट्या राहणाऱ्या कित्येक माश्या जमिनीत घर करतात, म्हणून थोडी जागा फरशीविना, मोकळी सोडा. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच झुडपापाशी १० मिनिटं बसून येणाऱ्या कीटकांची नोंद वहीत करा.