वाडीवरच्या शाळेतील आंतरवासिता : छात्राध्यापकांसाठी

डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातील सरावासाठी, शाळा मिळाली की सर्वांत आधी टाचणवहीची, म्हणजे पाठांचे आराखडे लिहायच्या वहीची, काळजी लागते. पाठ किती घ्यायचे, कोणत्या विषयांचे घ्यायचे, तक्ते किती करायचे, निरीक्षणाला कोण येणार, हेच प्रश्न डोक्यात असतात. मीही त्याच काळजीने गेले होते. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीवर, पहिली ते चौथीच्या दोन शिक्षकी शाळेत माझा तो काळ गेला. आता त्याच किनाऱ्यावरील दुसऱ्या शाळेत मी शिकवते आणि माझ्या वर्गात छात्राध्यापक येतात तेव्हा त्यांना जे सांगते, तेच येथे सविस्तर लिहीत आहे. त्यातील मुख्य गोष्ट एकच आहे. टाचण समोरच्या मुलांसाठी लिहायचे असते, म्हणून मुले ओळखीची होईपर्यंत ते पक्के करू नये.

जाण्यापूर्वी

रुजू होण्याआधी एकदा प्रत्यक्ष शाळेवर जाऊन यावे. कोकणात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. एसटी जिथे उतरवते तिथून शाळेपर्यंत पाखाडी (दगडी पायवाट) आहे की साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), पाणी चढले तर वाट बंद होते का, परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे आधी माहीत असलेले बरे. मुख्याध्यापकांना भेटून पट किती, कोणते वर्ग एकत्र बसतात आणि मुले कोणकोणत्या वाड्यांवरून येतात, एवढे विचारून घ्यावे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात. त्यामुळे वाडीवरच्या शाळेत एका खोलीत दोन इयत्ता असणार, हे गृहीत धरूनच तयारी करावी.

साहित्याबद्दल एक सूचना. पावसाळ्यात कागदी तक्ते आठवड्याभरात सर्दावतात आणि त्यांवर बुरशी धरते. त्याऐवजी जुन्या लग्नपत्रिका जमवाव्यात. त्यांचा कागद जाड असतो आणि कोऱ्या बाजूवर शब्दपट्ट्या व अंककार्डे उत्तम होतात. झाकणाच्या डब्यात ठेवली तर ती वर्षभर टिकतात.

निरीक्षणाचे दिवस

पहिले काही दिवस वर्गात मागे बसून निरीक्षण करायचे असते. हे दिवस अनेकांना रिकामे वाटतात आणि ते टाचणवही सजवण्यात जातात. माझेही तसेच गेले, आणि त्याची किंमत पहिल्याच पाठात मोजावी लागली. पाठ वाहतुकीच्या साधनांचा होता. मी आगगाडी, बस, विमान आणि ट्रक यांचा सुबक तक्ता करून नेला होता. प्रस्तावनेत विचारले, “आपण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशाने जातो?” पहिले उत्तर आले, “होडीन.” होडी माझ्या तक्त्यावर नव्हती. मी म्हटले, “आणखी सांगा.” दुसरे उत्तर आले, “पातीन.” पात म्हणजे लहान होडी, हे मला ठाऊक नव्हते. मी पुन्हा म्हटले, “आणखी?” मग वर्ग गप्प झाला. आपली उत्तरे बाईंना नको आहेत, हे मुलांना दोन प्रश्नांत कळले होते. पुढची पंचवीस मिनिटे मी एकटीच बोलत होते.

म्हणून निरीक्षणाच्या दिवसांत शिक्षक काय करतात यापेक्षा मुले काय बोलतात, हे टिपावे. एक छोटी वही त्यासाठीच ठेवावी आणि प्रत्येक मुलासाठी तिचे एक पान राखावे. मधल्या सुट्टीत मुले कोणते खेळ खेळतात, कोणत्या वस्तू खिशात घालून आणतात, कोण कोणाला शिकवते, हे तारखेसह आणि त्यांच्याच शब्दांत लिहावे. “हुशार आहे”, “मंद आहे” अशी विशेषणे त्या वहीत मुळीच नकोत. “वीसपर्यंत अचूक मोजतो, बारा लिहिताना एकवीस लिहितो” अशी नोंद उपयोगी पडते, कारण उद्या काय शिकवायचे ते तिच्यावरून ठरते. पोषण आहाराच्या वेळी मुलांच्या पंगतीत बसावे. कोण डबा आणत नाही, कोणाला भात पुन्हा हवा असतो आणि धाकट्या भावंडाकडे कोणाचे लक्ष असते, हे तिथे दिसते. या गोष्टी हजेरीपटावर कधीच येत नाहीत.

घरची बोली आणि पुस्तकातील भाषा

या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण छात्राध्यापकांकडून सर्वांत जास्त अन्याय येथे होतो आणि तो चांगल्या हेतूने होतो.

तिसरीतील एका मुलाने “काल काय झाले?” या विषयावर तीन ओळी लिहिल्या होत्या : “माझो बापूस रापणीक गेलो. मासे गावले नाय. मी घराक रवलंय.” (बाप रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढायला गेला, मासे मिळाले नाहीत, मी घरी राहिलो.) मी लाल शाईने ‘गेलो’खाली रेघ मारली, वर ‘गेला’ लिहिले आणि त्याला जवळ बोलावून समजावू लागले की ‘मी गेलो’ आणि ‘तो गेला’ असे म्हणायचे असते. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “बाई, मी नाय गेलंय, बापूस गेलो.” त्याचे बरोबर होते. मालवणीत ‘तो गेलो’ आणि ‘मी गेलंय’ असेच म्हणतात. प्रमाण मराठीतील प्रथमपुरुषाचे रूप आणि मालवणीतील तृतीयपुरुषी पुल्लिंगाचे रूप कानाला सारखेच लागते, एवढाच घोळ होता. त्या मुलाचे व्याकरण पक्के होते. त्याच्या बोलीचे व्याकरण मला माहीत नव्हते.

‘माझा घर’ हेही असेच आहे. मुलाला लिंग कळत नाही असा शेरा मारून आपण मोकळे होतो. वास्तविक ‘माझो बापूस, माझी आवस, माझा घर’ अशी तीन लिंगांची तीन रूपे ते मूल अचूक वापरत असते.

उपाय सोपा आहे. फळ्याचे दोन भाग करावेत. एकावर ‘आमच्या घरी’ आणि दुसऱ्यावर ‘पुस्तकात’ असे लिहावे. मुलांनी सांगितलेला शब्द डावीकडे आणि पुस्तकातील उजवीकडे मांडावा : आंबो–आंबा, घोडो–घोडा, बांगडो–बांगडा, माका–मला, खय–कुठे. पाचसहा जोड्या झाल्यावर “काय बदलले?” एवढेच विचारावे आणि थांबावे. माझ्या वर्गात चौथीतील एका मुलीने, “घरचो ‘ओ’ पुस्तकात ‘आ’ जाता,” असा नियम स्वतः शोधून काढला. त्यानंतर लाल शाईची फारशी गरज उरली नाही. मुले लेखन वाचून दाखवताना स्वतःच थांबत आणि दुरुस्त करत. बोलताना मात्र कोणालाही अडवू नये. अडवले की मूल पुढच्या वेळी बोलतच नाही, आणि जे मूल बोलत नाही त्याला वाचायला शिकवणे फार कठीण जाते.

हे कोणाची मेहेरबानी म्हणून करायचे नाही. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय असावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०अ सांगतो. शिक्षण हक्क कायदाही, शक्य तेथवर, मुलाच्या मातृभाषेतूनच शिकवावे असे म्हणतो. किनाऱ्यावर ही मातृभाषा जागोजागी बदलते. सिंधुदुर्गात मालवणी, रत्नागिरीकडे संगमेश्वरी, रायगडात आगरी. शिवाय आंब्याच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले आता अनेक शाळांत आहेत. नेपाळीही देवनागरीतच लिहितात. त्यामुळे नेपाळमध्ये एखादी इयत्ता शिकून आलेल्या मुलाला अक्षरे येत असतात, फक्त शब्द अनोळखी असतात. त्याला पहिलीच्या मुलांसोबत ‘अ, आ’ गिरवायला बसवण्याआधी एवढे तपासून पाहावे.

दोन इयत्ता, एक खोली

बहुवर्ग अध्यापनाची भीती सर्वांनाच वाटते. एका गटाला शिकवताना दुसरा गट मोकळा सुटतो आणि गोंगाट सुरू होतो. यावर मला उपयोगी पडलेली पद्धत अशी की प्रत्येक इयत्तेचे वेगळे टाचण काढण्याऐवजी एकच प्रसंग घ्यायचा आणि त्याच्या पायऱ्या करायच्या. ‘मासळी बाजार’ घेतला, तर पहिलीची मुले शिंपले मोजतील, दुसरीची मुले दहा-दहाचे वाटे लावतील, तिसरीची मुले नोटा देऊन सुटे परत घेतील आणि चौथीची मुले डझनाच्या भावावरून एका नगाची किंमत काढतील. पहिली दहा मिनिटे सर्वांशी बोलावे, मग एका गटाजवळ बसावे आणि दुसऱ्याला कार्डे द्यावीत. कार्डाच्या मागे उत्तर लिहिलेले असावे. स्वतः तपासता येत नसेल, तर मूल दर दोन मिनिटांनी “बाई, बरोबर?” म्हणत आपल्याजवळ येते आणि दोन्ही गटांचा पाठ मोडतो.

संख्याज्ञानासाठी विकतचे साहित्य लागत नाही. माडाच्या झावळाचे हीर (पात्यांच्या मधल्या काड्या) सोलून सारख्या लांबीचे तुकडे करावेत आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. मराठी संख्यानामे मुलांना खरोखर अवघड जातात. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहिते, कारण त्याच्या कानावर ‘तीस’ पडलेले असते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. त्यामागची अडचण मात्र खरी होती. अशा वेळी हिरांचे तीन गठ्ठे मुलाच्या हातात द्यावेत आणि त्यांतून एक काडी काढून घ्यायला सांगावे. एक काढण्यासाठी गठ्ठा सोडावा लागतो. तो सोडला की दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या समोर दिसतात. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे त्या क्षणी बोटांना कळते. घाई करून तो गठ्ठा आपण सोडू नये, मुलालाच सोडू द्यावा.

परिसर अभ्यासासाठी भरती-ओहोटीइतका चांगला विषय या किनाऱ्यावर दुसरा नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना भरतीची वेळ रोज एका तक्त्यावर लिहायला सांगावे. ती दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे आठवड्याभरात त्यांच्याच नोंदींतून दिसते. मग घरी आजोबांना विचारून यायला सांगावे. जुने दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. चौथीच्या मुलांना ‘पाऊण’ हा अपूर्णांक मी असाच शिकवला. मुलांची वेळ आणि आजोबांची वेळ यांत काही मिनिटांचा फरक पडतो. तो का पडतो, यावर वर्गात फार चांगली चर्चा होते.

पाऊस, जत्रा आणि घरे

सरी कोसळू लागल्या की पुढच्या बाकावरच्या मुलालाही आपला आवाज ऐकू येत नाही. ओरडून घसा बसवू नये. अशा वेळेसाठी मूकवाचन, चित्रवर्णन, शुद्धलेखन किंवा फळ्यावर लिहून विचारायचे प्रश्न यांचे एक टाचण कायम तयार ठेवावे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मुले रात्रभर दशावतार पाहून आलेली असतात. त्या दिवशी भागाकार घेऊ नये, पाहिलेले आख्यान सांगायला लावावे. मौखिक भाषाविकासाचा इतका समृद्ध तास वर्षात क्वचितच मिळतो.

पालकांना भेटायचे असेल तर जून-जुलै हे महिने साधावेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पुरुष माणसे घरी जाळी विणत बसलेली सापडतात. घरी गेल्यावर मुलाच्या तक्रारीने सुरुवात करू नये. तो काय चांगले करतो, हे आपल्या वहीतून वाचून दाखवावे.

शिक्षेबद्दल थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. उपहास हा दुसऱ्यात मोडतो, हे छात्राध्यापकांनी विशेष लक्षात ठेवावे. मुलांची छायाचित्रे काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर ठेवू नयेत.

निरीक्षण आणि निरोप

पाठ निरीक्षणाच्या दिवशी मार्गदर्शक मागे बसले की आपण नकळत त्यांच्यासाठी शिकवू लागतो. पाठाआधीच त्यांना एक विनंती करावी : “आज मी उत्तराला किती वेळ देते, तेवढेच पाहा.” दहा शेऱ्यांपेक्षा एका गोष्टीवरचा नेमका शेरा जास्त उपयोगी पडतो. मला एकदा असे लिहून मिळाले की प्रश्न विचारल्यानंतर मी दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देते. त्यानंतर मी मनात पाचपर्यंत मोजू लागले. तिसऱ्या-चौथ्या अंकावर, एरवी कधी न उठणारे हात वर येऊ लागले.

शेवटच्या आठवड्यात नवा घटक सुरू करू नये. प्रत्येक मुलाच्या पानावरून चार ओळींची नोंद काढून ती वर्गशिक्षकांना द्यावी, म्हणजे त्यांच्या वर्णनात्मक नोंदींना तिचा आधार होईल. कार्डांचे डबे आणि हिरांचे गठ्ठे शाळेतच ठेवावेत आणि डब्यावर कोणत्या घटकासाठी काय आहे, ते ठळक लिहावे. टाचणवहीवरील सह्या आणि उपस्थितीचा दाखला मुख्याध्यापक केंद्राच्या बैठकीला निघण्याआधी, सकाळीच घ्यावा. शेवटचा परिपाठ मुलांना घेऊ द्यावा आणि आपण त्यांच्या रांगेत मागे उभे राहावे.