टेलिस्कोपच्या फोटोत शिरणारा नको तो उजेड : या चुका टाळा

फोटोच्या एका कोपऱ्यात पिवळट झाक, मध्यभागी फिकट गोल, ठळक ताऱ्याभोवती वलय. कोल्हापुरात गच्चीवरून फोटो काढणारे बहुतेक जण या सगळ्याचं खापर शहराच्या दिव्यांवर फोडतात आणि सिरिल नाहीतर ग्राएक्सपर्ट (GraXpert) हे फोटोवर प्रक्रिया करायचं सॉफ्टवेअर उघडून ग्रेडियंट, म्हणजे पार्श्वभूमीच्या उजेडाचा चढउतार, काढायला बसतात. पहिली चूक हीच. शहराचा उजेड आहेच, पण पन्हाळ्याच्या बाजूला जाऊनही तीच झाक त्याच कोपऱ्यात येत असेल तर आभाळाला बोल लावू नका, आधी नळी तपासा. सॉफ्टवेअर आभाळाचा एकसारखा चढउतार छान काढतं. परावर्तनाचे डाग काढायला गेलं की तेजोमेघाचे फिके भागही त्यासोबत जातात, आणि रात्रभर जागून आपण नेमके तेच टिपलेले असतात.

म्हणून आधी उजेड कुठून येतो ते शोधा. खोली पूर्ण अंधारी करा, टेलिस्कोपवर झाकण घाला आणि ६० सेकंदांची एक फ्रेम घ्या. मग तेवढ्याच वेळाची, त्याच गेनची (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेची) दुसरी फ्रेम चालू असताना कुणाला तरी टॉर्च घेऊन एकाच जागी प्रकाश टाकायला सांगा: आधी आरशाच्या मागे, पुढच्या फ्रेमला फोकसरच्या (फोकस जुळवायच्या नळीच्या) फटीवर, मग कॅमेऱ्याच्या जोडावर. ज्या फ्रेमची सरासरी वाढली, तिथे भोक आहे. कॅमेरा कूलिंगचा नसेल तर तापमानानेही सरासरी वाढते, त्यामुळे अधूनमधून टॉर्च बंद ठेवून एक फ्रेम घेत राहा.

न्यूटोनियनमध्ये, म्हणजे तळाशी आरसा असलेल्या टेलिस्कोपमध्ये, सहसा आरशाची मागची बाजूच सापडते. आरसा लवकर थंड व्हावा म्हणून त्याच्या कडेने जागा मोकळी ठेवलेली असते आणि शेजारच्या गॅलरीतली ट्यूबलाइट तिथूनच आत येते. मागे दुहेरी काळं कापड बांधा, इलॅस्टिक लावलं की काढघाल सोपी. कापड घेताना त्याच्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून बघा. बरीच काळी कापडं नुसती दिसायला काळी असतात. माउंट (टेलिस्कोप फिरवणारी बैठक) आणि पॉवर बॉक्सवरच्या दिव्यांना काळी टेप पुरते.

डार्क फ्रेम (सेन्सरचे दोष वजा करण्यासाठी झाकण घालून काढलेली फ्रेम) दिवसा, उजेडात काढणं ही अशीच महागात पडणारी चूक. प्लॅस्टिकचं काळं झाकण इन्फ्रारेड अडवेलच असं नाही, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, उजेड तिथूनही सेन्सरपर्यंत पोचतो. आणि फ्लॅट (कोपऱ्यांचा काळोख दुरुस्त करायला एकसारख्या उजेडाची काढलेली फ्रेम) लावल्यावर कोपरे उलट जास्तच उजळले, तर लगेच फ्लॅटला दोष देऊ नका. मूळ फ्रेममध्ये बाहेरचा उजेड मिसळलेला असला की नेमकं असंच होतं.

झाकण घालून सगळं स्वच्छ आलं, तर दोष परावर्तनाचा. दिवसा, सूर्याच्या अगदी उलट दिशेला नळी करून, कॅमेरा काढा आणि त्याच्या जागेवरून आत बघा. (सूर्याकडे चुकूनही नको, डोळा कायमचा जाईल.) आरशांशिवाय जे जे चमकतंय ते फोटोतही चमकणार. बहुधा फोकसरच्या नळीचा आतला भाग किंवा एखादी अडॅप्टर रिंग दिसेल. उद्यमनगरात लेथवर मापाचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) करून मिळतो, ही आपल्या गावाची मोठी सोय आहे. पण कारागीर आतला भाग सवयीने गुळगुळीत करून देतो, आणि इथे तेच नको असतं. आत बारीक आटे पाडून द्यायला सांगा, वरून मॅट काळा रंग मारा. नुसत्या काळ्या अॅनोडायझिंगवर (अॅल्युमिनियमवर चढवलेल्या रंगीत थरावर) विसंबू नका, तिरप्या उजेडात ते चकाकतं. फोकसरच्या समोरच्या भिंतीला काळी मखमल लावा, मात्र आधी ब्रशने नीट झाडून, नाहीतर तिचा भुसा आरशावर बसतो.

ताऱ्याभोवतीच्या गोल वलयाचा उगम तर मोजून काढता येतो. सेन्सरवरून परतलेला प्रकाश समोरच्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो, त्याचं ते वलय. वलयाचा सेन्सरवरचा व्यास मिलिमीटरमध्ये काढा (किती पिक्सेल गुणिले एका पिक्सेलचा आकार), एफ-क्रमांकाने (फोकल लांबी भागिले टेलिस्कोपचा व्यास) गुणा आणि दोनने भागा: दोषी काच सेन्सरपासून साधारण तेवढ्या अंतरावर असते. एफ/५ च्या टेलिस्कोपवर, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यात वलय ४०० पिक्सेलचं असेल तर व्यास १.५ मिमी आणि काच पावणेचार मिमीवर, म्हणजे बहुधा कॅमेऱ्याचीच. फिल्टर २० मिमीवर असेल तर त्याचं वलय २,१०० पिक्सेलच्या आसपास भरेल. त्यामुळे मोजल्याशिवाय नवा फिल्टर विकत घेऊ नका, आहे तोच आधी उलटा बसवून बघा. या चाचणीला मृगातल्या बाणाचा व्याधाकडचा तारा, अल्निटक, उत्तम. तो ठळक आहे आणि अश्वमुख तेजोमेघ त्याला अगदी खेटून असल्यामुळे वलय कुठे नडतं ते लगेच कळतं.

नळीची ही डागडुजी पावसाळ्यात उरका. जूनपासून आपल्याकडे आभाळ तसंही मिळत नाही. मखमल लावली, रिंग बदलली की जुने फ्लॅट बाद समजा आणि नवे काढा.