ऑफिसचा बॅकअप दुसऱ्या गावात ठेवायचाय? मग नीट ठेवा

पाच-दहा कॉम्प्युटरचं ऑफिस, टॅली, एखादं बिलिंग सॉफ्टवेअर, गेल्या आठ-दहा वर्षांच्या पीडीएफ आणि स्कॅन, एवढाच पसारा असलेल्या धंद्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडे पगारी आयटीवाला आहे त्यांनी नाही वाचलं तरी चालेल. 'आमच्याकडे रेड आहे की' म्हणणाऱ्यांनी मात्र नक्की वाचा. रेड म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणं; ते असलं की एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, त्याचा उपयोग तेवढाच. कोणी चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जातो. ड्राइव्ह सिंकचंही तसंच, इकडे फाइल खराब झाली की तिकडे इमानेइतबारे खराब फाइलच पोचते, आणि मग जुनी व्हर्जन एकेक करून परत आणत बसा. राहिली टेबलाच्या खणातली एक्स्टर्नल हार्ड डिस्क. ऑफिसला आग लागली तर खण काय वेगळा राहणार आहे? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही गिऱ्हाइकांचे बॅकअपसुद्धा त्याच आवारात होते, तेही गेले.

बेत असा: दुसऱ्या गावात ओळखीच्या कोणाच्या घरी एक छोटं मशीन ठेवायचं आणि ऑफिसचा बॅकअप इंटरनेटवरून तिकडे पाठवायचा. जागा आधी ठरवा. कोल्हापूरच्या ऑफिसचा बॅकअप सांगलीला ठेवू नका, ऑगस्ट २०१९ ला दोन्हीकडे एकदमच पाणी होतं. घाट ओलांडला म्हणजे सुटलो असंही नाही, जुलै २०२१ ला चिपळूण-महाड बुडालं त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीलाही पूर होता. नदी वेगळी हवी, जिल्हा लांबचा हवा, आणि घर तळमजल्यावर नको. मेव्हणा सोलापूरला किंवा नाशकाला वरच्या मजल्यावर राहत असेल तर झालं काम. मुलगा न्यूजर्सीला आहे, तिथे ठेवू का, असंही विचारतात. जास्तीची कॉपी म्हणून खुशाल ठेवा, पण तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावाच लागतो, आणि ऑगस्ट २०२२ पासून नियमात स्पष्ट 'रोज' असं आलंय. प्रोप्रायटर असाल तर हा नियम तुम्हाला नाही, पण जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचेच आहेत.

मशीन कुठलंही चालतं. मिनी पीसी किंवा जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, सारख्या दोन डिस्क मिररमध्ये, वर डेबियन (फुकट मिळणारं लिनक्स). सध्याच्या डेटाच्या तिप्पट जागा घ्या. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'वीज आली की आपोआप चालू' हे सेटिंग लावा, नाहीतर लाइट गेली की मशीन बंद आणि मेव्हण्याच्या लक्षात यायला दिवाळी.

कनेक्शनचं म्हणाल तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा सांगणारे जे व्हिडिओ आहेत ते बंद करा. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती फायबरवर सीजीनॅट असतं, म्हणजे एक पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून आत येता येत नाही. राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पानावर आयपी १०० नं सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर तेच समजा. दोन्हीकडे टेलस्केल टाका, म्हणजे लांबची मशीन एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर, ते आतून वायरगार्ड हे व्हीपीएनच वापरतं, पोर्ट उघडायची भानगड नाही. फक्त एक गोष्ट विसरू नका: टेलस्केलची की (मशीनची ओळख) मुळात १८० दिवसांनी एक्स्पायर होते. अॅडमिन पानावर जाऊन बॅकअप मशीनचं आणि ऑफिस सर्व्हरचं की-एक्स्पायरी बंद करा, नाहीतर सहा महिने छान चालेल आणि मग एक दिवस मशीन गुपचूप गायब.

आता खरा मुद्दा. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय, कारण जो तो बॅकअप तिकडे पोचवायचा कसा तेवढंच सांगतो. पोचवणं सोपं आहे हो. ऑफिसचा कॉम्प्युटर उद्या दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर तो तिकडचा बॅकअप पुसू शकेल का, हे विचारायला हवं. रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइल लॉक करून पैसे मागणारे लोक आत शिरल्यावर लगेच फाइल लॉक करत नाहीत. आधी बॅकअप शोधतात. विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजनं स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती) उडवतात, झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं जे काही दिसेल ते धरतात, सेव्ह केलेले पासवर्ड काढतात. लांबच्या मशीनचा फोल्डर झेड ड्राइव्ह करून रोज रात्री त्यात कॉपी मारायची ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी पद्धत आहे, आणि ती म्हणजे घराची किल्ली दाराच्याच खिळ्याला टांगणं आहे. आरसिंक (फाइल कॉपी करणारं) आणि एसएसएच (लांबच्या मशीनवर लॉगइन करायचं) वापरलं तरी ऑफिस सर्व्हरकडे तिकडची पूर्ण हक्काची की असेल तर फरक काहीच नाही.

माझं मत पक्कं आहे: रेस्टिक हे फुकट बॅकअप सॉफ्टवेअर वापरा, बॅकअप मशीनवर त्याचा रेस्ट-सर्व्हर चालवा आणि तो अपेंड-ओन्लीमध्येच चालवा. मग ऑफिसकडून नवीन डेटा तिकडे जाऊ शकतो, जुना वाचता येतो, पण पुसता येत नाही. शिवाय रेस्टिक डेटा ऑफिसमध्येच एन्क्रिप्ट करून पाठवतं, त्यामुळे मेव्हण्याकडून मशीन चोरीला गेलं तरी चोराला काही वाचता येत नाही, आणि वीज जाऊन आल्यावर डिस्क उघडायला पासवर्ड टाकायला तिथे कोणी बसावं लागत नाही.

पण अपेंड-ओन्ली केलं की झालं असं समजून मोकळे होऊ नका, मागची दारं तपासा. ऑफिसच्या कुठल्याही पीसीवर बॅकअप मशीनची एसएसएच की किंवा पासवर्ड नको, पुट्टीत (एसएसएचच्या प्रोग्रॅममध्ये) सेव्ह केलेलाही नको. टेलस्केलच्या नियमांत ऑफिसला बॅकअप मशीनचा फक्त रेस्ट-सर्व्हरचा पोर्ट मोकळा ठेवा, बाकी सगळं बंद. ज्या जीमेलनं टेलस्केलचं खातं उघडलंत तो ऑफिसच्या क्रोममध्ये लॉगइन असेल तर हे सगळं पाण्यात, कारण शिरणारा माणूस तिथूनच नियम बदलेल. ते खातं वेगळं हवं, फक्त तुमच्या फोनवर आणि लॅपटॉपवर, टू-स्टेप लावून. आणि सपोर्टवाल्याच्या सोयीसाठी बॅकअप मशीनवर एनीडेस्क टाकून कायमचा पासवर्ड ठेवायचा मोह होतो, तो आवरा.

जुने बॅकअप कधीतरी काढावे लागतातच, डिस्क भरते. ते काम ऑफिसच्या मशीनवरून करायचं नाही, ते तिथून होणारही नाही. महिन्यातून एकदा स्वतःच्या लॅपटॉपवरून बॅकअप मशीनवर जा, रिपॉझिटरीचा (रेस्टिकच्या बॅकअप साठ्याचा) पासवर्ड हातानं टाइप करा, तिथे सेव्ह करू नका, आणि फर्गेट-प्रून (जुने बॅकअप काढून जागा मोकळी करणाऱ्या कमांड) चालवा. इथे अजून एक खुबी आहे. 'शेवटचे ३० ठेव, बाकी काढ' असा नियम कधीच लावू नका. ऑफिसमध्ये शिरलेल्या माणसाला पुसता येत नसलं तरी भर घालता येते, त्यानं ३० रिकामे बॅकअप ढकलले की तुमच्याच हातानं चांगले बॅकअप उडतील. संख्येऐवजी कालावधीचा नियम लावा, रेस्टिकमध्ये त्यासाठी कीप-विदिनचे पर्याय आहेत. आणि काढायच्या आधी यादी डोळ्यांनी बघा: एका दिवसात दहा बॅकअप दिसतायत, पुढच्या तारखेचा दिसतोय, आकार अचानक शून्याजवळ आलाय, असं काही असलं तर थांबा.

रिपॉझिटरीचा पासवर्ड हरवला तर डेटा संपला, रेस्टिकवालेसुद्धा काढून देऊ शकत नाहीत. कागदावर लिहा, एक कागद मालकाच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. अक्षर सुवाच्य हवं, शून्य आणि ओ वेगळे कळतील असं.

पहिला बॅकअप इंटरनेटवरून पाठवू नका. ५०० जीबी आणि २० एमबीपीएस अपलोड असेल तर नुसत्या गणितानंच ५५ तास होतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. मशीन आधी ऑफिसमध्ये आणा, लॅनवर पहिला बॅकअप घ्या, मग सोलापूरला न्या. पुढे रोज फक्त बदललेलं जातं.

विंडोजवर रेस्टिक टास्क शेड्युलरमधून रात्री चालवा, अॅडमिन म्हणून, व्हीएसएस स्नॅपशॉटचा पर्याय लावून, म्हणजे उघड्या फाइलही वाचल्या जातात. तरीही टॅली रात्री बंद करायची शिस्त लावा, उघड्या टॅलीच्या डेटावर मी तरी विसंबत नाही. बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर असेल तर त्यात शेड्युलर येत नाही, सबब आधी एसक्यूएलसीएमडी या कमांडनं डेटाबेसचा बॅकअप फाइलमध्ये काढा आणि ती फाइल रेस्टिकला द्या. नुसती चालू डेटाबेसची फाइल उचलू नका.

आता लक्ष ठेवायचं कसं. 'फेल झालं तर मेल येईल' यावर अजिबात जाऊ नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला, मग कळलं की डेटाबेसचे रोजचे बॅकअप व्हर्जन जुळत नसल्यानं होतच नव्हते, आणि फेल झाल्याच्या मेल समोरचा सर्व्हर नाकारत होता. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर आपलं काय. उलटं करा: बॅकअप यशस्वी झाला की स्क्रिप्टनं हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या सेवेला पिंग (छोटा इशारा) द्यायचा, आणि ठरल्या वेळेत पिंग आला नाही तर ती सेवा तुम्हाला फोनवर कळवते.

आणि रिस्टोअर करून बघा. महिन्यातून एकदा, दुसऱ्या पीसीवर. रेस्टिकची 'चेक' कमांड हिरवी आली म्हणजे रिस्टोअर झालं असं नसतं. टॅलीचा आकड्यांच्या नावाचा फोल्डर परत आणा, त्यावर टॅली उघडा, डे-बुक काढा आणि काल संध्याकाळचं शेवटचं व्हाउचर अकाउंटंट ताईंच्या कागदी चलनाशी ताडून बघा. अकाउंटंटलाच बसवा, आपल्याला आकडे पटतात, त्यांना खरे-खोटे कळतात.

मेव्हण्याकडे यूपीएस द्या, मशीनवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी आणि तुमचा नंबर चिकटवा. २० वॉटचं मशीन महिन्याला साधारण १४-१५ युनिट खातं, ते बिल आणि नेटचा अर्धा खर्च तुम्ही द्या, तोंडी नको, दर महिन्याला द्या. फुकटचं मशीन पाहुणे आले की पहिलं अनप्लग होतं.

वाईट दिवस आलाच, म्हणजे सकाळी स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर ऑफिसमधलं काही सुरू करायच्या आधी मेव्हण्याला फोन करून मशीनची लॅन वायर काढायला सांगा. मग सगळा डेटा त्याच्या अपलोडवरून ओढत बसू नका, गाडी काढा आणि मशीनच घेऊन या. ऑफिसच्या जुन्या नेटवर्कला ते लावायचं नाही. एक पीसी कोरा फॉरमॅट करा, तो थेट वायरनं बॅकअप मशीनला जोडा, आणि चिठ्ठी दिसली त्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासूनचे बॅकअप एकेक उघडून बघत पुढे या, कारण ती माणसं आत कधी शिरली होती ते त्या सकाळी कोणालाच माहीत नसतं.