हार्ड डिस्कची इमेज डीव्हीडीवर अशी ठेवा की एखादी डिस्क गेली तरी सगळं परत येईल

आमच्या काकांचा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तिथल्या जुन्या विंडोज ७ च्या कंप्युटरवर जॅकार्ड डिझाइनचं, म्हणजे विणतानाच कापडात उतरणाऱ्या नक्षीचं सॉफ्टवेअर चालतं. ते बसवून देणारा माणूस आता त्या धंद्यात नाही, सीडी पण हरवली, त्यामुळं नुसत्या फाइल्स कॉपी करून ठेवून काही उपयोग नाही, हार्ड डिस्क गेली तर अख्खी डिस्क जशीच्या तशी परत यायला पाहिजे. अख्ख्या डिस्कच्या अशा नकलेला इमेज म्हणतात.

इमेज मी आधी पण काढली होती, ९ डीव्हीडी. मग एका सकाळी काकांचा फोन, "बारक्या, कंप्युटर उठंना झालाय बघ, ये लवकर." गेलो, नवीन डिस्क लावली, पाच डीव्हीडी नीट गेल्या आणि सहावी घातल्यावर ड्राइव्ह नुसता घर्र घर्र करून थांबायचा. बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर कडेला बोटभर रुंद पट्टा फिका पडलेला, ओरखडा एकपण नाही. पत्र्याखालच्या कपाटात दोन उन्हाळे काढले होते तिनं. बाकी आठ डिस्क ठणठणीत होत्या पण सहावीशिवाय इमेज उघडतच नाही. दिवाळीच्या ऑर्डरची डिझाइनं ग्राफ पेपरवरून परत काढावी लागली, काकांनी तीन आठवडे रात्री बसून काढली, मला ते अजून आठवतं. तेव्हापासून मी खालच्या पद्धतीनं करतो.

आधी एक सांगतो, ५०० जीबी भरलेली डिस्क असेल तर डीव्हीडीच्या नादी लागू नका, शंभराच्या वर डिस्क लागतील. ५०-६० जीबीपर्यंत भरलेली असेल तर ठीक. डीव्हीडीचा मोठा फायदा म्हणजे एकदा लिहिली की व्हायरस आला तरी तिच्यावरचं काही बदलू शकत नाही, कायम जोडून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कचं तसं नाही.

इमेज काढायला क्लोनझिला वापरा, फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून बूट होतो. त्याआधी नको त्या फाइल्स उडवा, रिसायकल बिन रिकामा करा, हायबरनेट (मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून झोपायची सोय) बंद करा. विंडोज १० किंवा ११ असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळं विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन (डिस्कचा तो भाग) घ्यायला नकार देतो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, चालू असेल तर तो काढा, कारण मग रिकामी जागासुद्धा इमेजमध्ये येते.

इमेज थेट डीव्हीडीवर लिहायची नाही, आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची. क्लोनझिलात बिगिनरऐवजी एक्सपर्ट मोड घ्या, तिथं इमेजचे तुकडे किती एमबीचे करायचे ते विचारतो, तिथं १००० टाका. शेवटी इमेज तपासू का म्हणून विचारेल, हो म्हणा, वेळ लागतो पण लागू दे. झाल्यावर फोल्डरमध्ये एए, एबी, एसी असे शेपूट असलेले १ जीबीचे तुकडे दिसतील, आणि सोबत बारीक बारीक फाइल्स. त्या बारक्या फाइल्समध्ये पार्टिशनची सगळी माहिती असते, त्या टाकून देऊ नका.

आता खरं काम. मल्टीपार नावाचा प्रोग्राम घ्या, तो पण फुकट आहे, गेलेला तुकडा परत बनवता येईल अशा जादा दुरुस्तीच्या फाइल्स तो तयार करतो. सगळे तुकडे त्यात घाला आणि रिडंडन्सी, म्हणजे या जादा फाइल्सचं प्रमाण, १२ टक्के ठेवा. समजा ३६ तुकडे झाले, म्हणजे ३६ जीबी, तर १२ टक्क्यांनी साधारण ४.३ जीबीच्या दुरुस्तीच्या फाइल्स तयार होतात. एका डीव्हीडीवर मी ४ च तुकडे ठेवतो, म्हणजे ९ डिस्क, आणि दहाव्या डिस्कवर या दुरुस्तीच्या फाइल्स. त्या ९ मधली कुठलीपण एक पूर्ण गेली, म्हणजे ४ जीबी गेलं, तरी दहावीवरच्या ४.३ जीबीतून ते परत बनवता येतं. तुमचे तुकडे कमी असतील तर टक्के वाढवा, हिशोब एवढाच की दुरुस्तीच्या फाइल्स एका डिस्कच्या मालापेक्षा जास्त भरल्या पाहिजेत. जुना कंप्युटर असेल तर हे रात्री लावून झोपा. बारक्या फाइल्स पहिल्या डिस्कवर आणि दहावीवर, दोन्हीकडं टाका.

डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं मग ४ च का, असं वाटेल. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कड सगळ्यात आधी खराब होते, बोटं पण तिथंच लागतात, म्हणून ती कड मी मोकळी सोडतो.

डिस्क लिहायला इमगबर्न हा प्रोग्राम चांगला. फाइल सिस्टीम यूडीएफ ठेवा, स्पीड ८ एक्स, आणि व्हेरिफायची (लिहिलेलं परत वाचून तपासायची) टिक लावलेली पाहिजेच. १६ एक्सनं घाई करू नका. मधेच लाइट गेली की ती डिस्क वाया, म्हणून यूपीएसशिवाय बसू नका. डिस्क एकदम स्वस्तातली खुली घेऊ नका. नाव आणि नंबर डिस्कच्या मधल्या पारदर्शक भागावर सीडीच्या मार्करनं लिहा, बॉलपेन नको, स्टिकर तर अजिबात नको.

ठेवायची जागा सोलापुरात फार महत्त्वाची, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि डीव्हीडीतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेनं मरतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट, पत्र्याखालचा माळा, गाडीची डिकी, यातलं काही नको. मी खालच्या मजल्यावर लाकडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात, प्रत्येक डिस्क वेगळ्या केसमध्ये उभी ठेवतो. आणि दुसरा सेट बार्शीला ताईकडं.

परत आणताना सगळ्या डिस्कवरच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर एकाच फोल्डरमध्ये घ्या, इमेजच्या फोल्डरचं नाव पहिलं होतं तेच ठेवा, मल्टीपारनं तपासा, काही कमी असेल तर रिपेअर दाबा, आणि मग क्लोनझिलातून रिस्टोअर. नवीन डिस्क जुनीएवढी किंवा मोठी पाहिजे. एखादी डिस्क वाचत नसेल तर ती आधी दुसऱ्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये टाकून बघा, पुष्कळदा तिथं वाचते.

सेट झाला की लगेच एकदा जुन्या पडीक हार्ड डिस्कवर पूर्ण रिस्टोअर करून बघा, विंडोज उठून डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की मगच झालं म्हणा. मी दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या सुमाराला, जानेवारीत, दहाच्या दहा डिस्क तपासतो. यंदा चौथी वाचायला अडकत होती, मल्टीपारनं तिचे चारही तुकडे परत बनवले आणि त्याच दुपारी नवी चौथी लिहून ठेवली.