बाजारात तुरी: रेडिओहेडच्या दहाव्या अल्बमची पूर्वतयारी

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांना बघूनच केली असावी असं वाटतं. नऊ स्टुडिओ अल्बम झाले. नववा, ‘अ मून शेप्ड पूल’, आला ८ मे २०१६ला. दहाव्याचा पत्ता नाही, पण त्यात गिटार किती असेल, तो ‘किड ए’सारखा असेल की ‘इन रेनबोज’सारखा, जुनं कुठलं गाणं त्यात शिरेल, यावर आमच्यात अबोला धरण्यापर्यंत मजल गेलेली आहे. भांडण टळणार नाही हे मान्य. निदान तयारीने भांडावं, म्हणून ही यादी.

सगळ्यात आधी बातमी पारखायला शिका. हा बँड गाजावाजा करून अल्बम आणत नाही, अंगावर टाकतो. १ ऑक्टोबर २००७ला बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडने चार ओळींत सांगून टाकलं की अल्बम तयार आहे आणि दहा दिवसांत येतोय. १० तारखेला ‘इन रेनबोज’ आला, तोही ‘किंमत तुम्हीच ठरवा’ म्हणत. ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ची घोषणा २०११च्या १४ फेब्रुवारीला झाली, तारीख १९ सांगितली आणि अल्बम १८लाच हजर. २०१६मध्ये एप्रिलच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही चाहत्यांच्या घरी पोस्टाने कागद येऊन पडले. त्यावर ‘बर्न द विच’ या नव्या गाण्यातल्या ओळी आणि खाली ‘तुम्ही कुठे राहता ते आम्हाला ठाऊक आहे’ अशी गोड धमकी. दुसऱ्या दिवशी बँडची वेबसाइट हळूहळू फिकी होत पांढरीफटक पडली. आठवड्याभरात अल्बम. म्हणजे पक्की खूण मिळाल्यावर तुमच्या हातात फार तर आठ-दहा दिवस असतात. बाकीची तयारी त्याच्या आधीच झालेली बरी.

खोट्या खुणा मात्र वर्षभर मिळत राहतात. त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे कंपनी नोंदणी. नवं काही करायच्या आधी बँडमधले पाचही जण मिळून नवी कंपनी काढतात, त्यामुळे ब्रिटनच्या कंपनी नोंदणीच्या दफ्तरावर डोळा ठेवून बसणारे महाभाग आहेत. नवव्या अल्बमच्या आधी ‘डॉन कोरस’ नावाची कंपनी सापडली. अल्बमचं नाव हेच, निदान गाणं तरी याच नावाचं, असं ठरवून लोक मोकळे झाले. अल्बममध्ये तसं गाणंच नव्हतं. ते आलं २०१९मध्ये, बँडचा गायक थॉम यॉर्कच्या स्वतःच्या ‘अ‍ॅनिमा’ अल्बममध्ये. मार्च २०२५मध्ये पुन्हा एक कंपनी सापडली, पुन्हा ‘दहावा आला’ म्हणून हाकाटी झाली. निघाला तो दौरा: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन मिळून वीस कार्यक्रम. २०१८नंतरचा पहिला दौरा, तेव्हा ती बातमी लहान नव्हतीच. पण अल्बम म्हणून नाचलेल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. तेव्हा कंपनी सापडली तर नोंद करा आणि गप्प बसा. वेबसाइट पांढरी पडली तर रजा टाका.

रजेवरून वेळेचा हिशोब आला. लंडनच्या मध्यरात्री आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार वाजलेले असतात. नववा अल्बम त्यांच्या रविवारी संध्याकाळी सातला आला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला, आणि सोमवारी ऑफिस. पुण्या-मुंबईच्या माणसाने घड्याळात लंडनची वेळ आत्ताच लावून ठेवावी. ठाण्याचा एक आणि न्यू जर्सीचा एक, असे मित्र एकाच वेळी ऐकायला बसणार असतील तर ऐन वेळी गणित करत बसू नये. गणित चुकलं की एकाचं पाचवं गाणं चालू असताना दुसरा पहिल्याची तारीफ वाचून वैतागतो.

ऐकायचं कुठे, हेही पाहून ठेवा. सगळं सगळीकडे एकदम मिळेलच असं नाही. नववा अल्बम अ‍ॅपल म्युझिकवर पहिल्या दिवशी होता, स्पॉटिफायवर तो १७ जूनला आला. एका अ‍ॅपवर विसंबून राहू नका, एवढंच. खुद्द बँडच्या साइटवरून विकत घ्यायचा पर्याय बहुतेक असतोच, त्यासाठी परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड जवळ हवं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो व्यवहार चालू करायचं बटण कुठे आहे, ते रात्री साडेअकराला शोधू नये.

आता फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये जाऊन ‘क्रॉसफेड’ बंद करा. हे कुणी सांगत नाही. एक गाणं संपत असताना दुसरं हळूच त्यावर चढवणारी ही सोय लग्नाच्या पार्टीला ठीक आहे, इथे ती सत्यानाश करते. या बँडची गाणी कुठे कापायची, कुठे शांतता ठेवायची, यावर घासाघीस झालेली असते. ‘किड ए’चं शेवटचं गाणं संपल्यावर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही, मग आवाजाची एक लाट येते आणि पुन्हा शांतता. क्रॉसफेड आणि ‘ऑटोप्ले’ चालू असेल तर त्या शांततेत भलतंच कुणी गायला लागतं. ‘शफल’ तर बंदच. यावर एक शहाणा म्हणेल की नवव्या अल्बमची गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलीत, क्रमाला कसलं महत्त्व? त्याला सांगा की ‘बर्न द विच’ने सुरुवात आणि ‘ट्रू लव्ह वेट्स’ने शेवट होणारा दुसरा क्रम तू सुचवून दाखव. आवाज सारखा करणारी सोय, ‘नॉर्मलायझेशन’, तीही बंद. हेडफोन वायरवाला असेल तर उत्तम, नसेल तर चार्ज केलेला. महागडा घ्यायची गरज नाही. ‘इन रेनबोज’ची पहिली फाइल १६० केबीपीएसची, म्हणजे बेताच्या दर्जाची, एमपीथ्री होती. त्यावर तेव्हा कुरकुर झाली, तरी अल्बम काळजात घुसायचा तो घुसलाच.

आता खरा कळीचा मुद्दा: जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकायची की नाही?

या बँडची खोड अशी की गाणं आधी मंचावर वाजवतात आणि मग वर्षानुवर्षं दाबून ठेवतात. ‘ट्रू लव्ह वेट्स’ १९९५मध्ये पहिल्यांदा वाजवलं. थॉमच्या हातात अकूस्टिक गिटार. स्टुडिओतलं गाणं यायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात दोन पिढ्यांनी ते गिटारीवर पाठ केलं, २००१च्या लाइव्ह रेकॉर्डमध्ये तेच होतं, काहींनी ते आपल्या साखरपुड्यात वाजवलं असेल. आणि नवव्या अल्बममध्ये जे आलं त्यात गिटार नाही. पियानोचे थेंब एकमेकांवर पडतायत, ताल धरावा तर हातातून निसटतो, आणि आवाज विनवणी करून थकलेल्या माणसाचा. त्या रात्री चाहत्यांचे दोन पक्ष पडले ते आजवर एक झालेले नाहीत. मी पियानोवाल्यांत आहे. विशीतल्या माणसाने ‘जाऊ नकोस’ म्हणणं आणि पन्नाशीकडे झुकलेल्याने म्हणणं यात फरक पडायलाच हवा. तेच गिटारीवर पुन्हा गायलं असतं तर ती नुसती आठवण काढणं झालं असतं. पण गिटारवाल्यांचं दुःख खोटं नाही. ज्या गाण्यासोबत माणूस एवढी वर्षं राहिला, त्याला एका रात्रीत ‘ते फक्त कच्चं रूप होतं’ असं कसं सांगणार?

‘व्हिडिओटेप’चं तसंच. २००६च्या दौऱ्यात ते ड्रमसकट चढत चढत जाऊन फुटायचं. ‘इन रेनबोज’च्या शेवटी आलं तेव्हा पियानो आणि मागे खुरटा, अडखळता ठोका. फुटतच नाही. आजही कुणी तरी तावातावाने म्हणतंच की मंचावरचं अस्सल आणि अल्बमवरचं सपक. मला अल्बममधलंच जास्त छळतं, कारण ते फुटेल म्हणून आपण वाट पाहत राहतो. ‘लिफ्ट’ची गोष्ट उलटी. १९९६मध्ये लोक ज्यावर उड्या मारत होते ते गाणं बँडने बासनात गुंडाळलं, २०१७मध्ये ‘ओके कंप्यूटर’ या अल्बमच्या विसाव्या वर्षानिमित्त बाहेर काढलं, आणि लोक म्हणाले, याहून आमची खरखरीत कॅसेट बरी. २०१९मध्ये थॉमच्या चोरीला गेलेल्या मिनीडिस्क, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या छोट्या तबकड्या, बाहेर आल्या. बँडने ते अठरा तासांचं ध्वनिमुद्रण स्वतःच १८ पौंडांना विकायला ठेवलं आणि पैसे पर्यावरणवादी चळवळीला दिले. त्यात ‘लिफ्ट’चं आणखी एक रूप सापडलं. इथे मात्र मी कॅसेटवाल्यांच्या बाजूने. ते गाणं छाती काढून गायचं आहे, २०१७मध्ये आलेलं खांदे पाडून उभं राहतं.

म्हणून यादीतलं हे कलम मी ठळक करतो. घोषणा झाली की लाइव्ह रेकॉर्डिंग बंद. आधी काय ऐकलं ते ऐकलं, पण त्या आठ-दहा दिवसांत फोनवर हलत्या हाताने काढलेले व्हिडिओ उगाळू नका. मनात एक रूप पक्कं बसलं की अल्बमवरचं दुसरं रूप ‘चुकलेलं’ वाटायला लागतं, आणि पहिल्या ऐकण्यात आपण गाणं न ऐकता तपासणी करत बसतो. लीक झालेल्या फाइलींना तर हातच लावू नका. २००३मध्ये ‘हेल टू द थीफ’ची अर्धवट मिक्स झालेली गाणी दोन महिन्यांहून आधी फुटली होती आणि अनेकांच्या कानांत तीच कच्ची बसली.

जुने अल्बम क्रमाने परत ऐकायचा बेत करणाऱ्यांना माझा विरोध आहे. नऊच्या नऊ ऐकलेत तर दहाव्यापर्यंत कान थकतील आणि तुलनेची वही भरलेली असेल. शेवटचे दोन ऐका. सोबत ‘द स्माइल’ ऐका, म्हणजे थॉम, जॉनी आणि ड्रमर टॉम स्किनर यांचा बँड. त्यांचे २०२२ आणि २०२४ मिळून तीन अल्बम आलेत. जॉनीची बोटं हल्ली कुठल्या दिशेने धावतात ते तिथे कळतं. ‘हे सगळं रेडिओहेडच्या नावाने यायला हवं होतं’ हा वाद त्यातूनच निघतो. मला तो पटत नाही. बँडमधल्या बाकी तिघांना, म्हणजे एडची गिटार, कॉलिनचा बेस आणि फिलचे ड्रम, वजा करून जे उरतं त्याला दुसरं नाव दिलं हेच प्रामाणिक. आणि वेळ असेल तर ‘जुनून’ ऐका. जॉनी, शाय बेन त्झूर आणि राजस्थानातले वादक यांनी तो जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ध्वनिमुद्रित केला, २०१५मध्ये आला. रेडिओहेडचा निर्माता नायजेल गॉडरिच तिथेही होता. ब्रास बँड आणि ढोलाच्या साथीची कव्वाली ऐकून आमच्या एका काकांनी पहिल्यांदाच ‘हे कोण रे?’ असं विचारलं, नाही तर ‘किड ए’ लावलं की ते टीव्हीचा आवाज वाढवत.

रेकॉर्ड घेणार असाल तर पैशांची सोय आधी. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६च्या सुरुवातीलाच बंद झालं, नवव्या अल्बमच्या जेमतेम दोन-तीन महिने आधी. त्यामुळे दुकानात जाऊन ‘आला का?’ विचारायचं सुख मुंबईत तरी फारसं उरलेलं नाही. माहीमच्या ‘रिव्हॉल्व्हर क्लब’ला विचारून ठेवता येईल. बाहेरून मागवलीत तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून आकडा बघा, मग खास आवृत्तीचा मोह आपोआप उतरतो.

वादाचेही नियम आधीच ठरवून घ्या. पहिल्या ऐकण्यानंतर ‘मास्टरपीस’ आणि ‘फ्लॉप’ हे दोन शब्द दोन दिवस बंद. ‘किड ए’ आला तेव्हा गिटार कुठे गेली म्हणून बोंब मारणारे आज त्यालाच डोक्यावर घेतात. ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ जेमतेम ३७ मिनिटांचा निघाला, तेव्हा शेवटच्या गाण्यातल्या एका ओळीवरून ‘दुसरा भाग येणार’ असा सिद्धांत उभा राहिला आणि लोक खरोखर वाट पाहत बसले. दुसरा भाग आला नाही. त्याच वर्षी बँडने तो अल्बम दोन ड्रमर बसवून लाइव्ह वाजवला, ते ऐकून नावं ठेवणारे निम्मे गप्प झाले. सिद्धांत मांडायला हरकत नाही, ‘ओके कंप्यूटर’ आणि ‘इन रेनबोज’ची गाणी आलटून पालटून लावली तर एकच अल्बम होतो असं मानणारेही आपलेच. फक्त पुरावा मागितला की चिडायचं नाही.

एक वाद मात्र गमतीचा नाही. २०१७मध्ये बँडने इस्रायलमधल्या तेल अवीवला कार्यक्रम केला, पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरून करू नका म्हणून जाहीर आवाहनं होत असताना केला. तो प्रश्न २०२५च्या दौऱ्यात परत आला आणि दहाव्या अल्बमसोबतही येईल. कुणी या कारणाने ऐकणार नसेल तर त्याला गटात टोमणे मारू नका, आणि ऐकणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. हे बोलणं अल्बम येण्याआधी, समोरासमोर चहावर झालेलं बरं.

‘क्रीप’ हे बँडचं गाजलेलं गाणं सोडून काही न ऐकलेल्या मित्राला पहिल्या रात्री बोलवू नका. त्याची पाळी पुढच्या रविवारी.

शेवटी अंदाजाचा कागद. प्रत्येकाने घोषणेच्या दिवशी तीन गोष्टी लिहून द्यायच्या: जुनं कुठलं गाणं येणार, तंतुवाद्यांचा ताफा असणार की नाही, आणि पहिल्या गाण्यात ड्रम किती सेकंदांनी सुरू होणार. कागद सगळ्यांत कमी बोलणाऱ्याकडे ठेवायचा. माझा तयार आहे. २०१२च्या दौऱ्यात वाजवलेलं ‘कट अ होल’ अजून कुठल्याच अल्बमवर आलेलं नाही, बहुतेक जण त्याचंच नाव लिहिणार. मी लिहिलंय, ते येणार नाही. आणि आलंच, तर लोकांना पाठ आहे तसं नक्की नसेल.