बोअरच्या भिंतीवरची साय

कृष्णाकाठी पायलिंग करायचं, म्हणजे जमिनीत खोल बोअर घेऊन त्यात काँक्रीटचा खांब (पाइल) ओतायचा, तर बेंटोनाइटशिवाय, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या पावडरीशिवाय, भागत नाही. सांगलीची काळी माती निदान उभी तरी राहते. खाली पाण्यातली वाळू लागली की बोअर ढासळायला लागतो. बेंटोनाइट तो धरून ठेवतं, पण नीट सांभाळलं नाही तर पाइलला तोलून धरणारं मातीशी असलेलं घर्षणही तेच खातं.

बोअरमधल्या बेंटोनाइटच्या चिखलाची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा वर, म्हणून त्यातलं पाणी वाळूत झिरपतं आणि कण भिंतीवर बसतात. दुधावर साय धरते तसे. पातळ साय वर चढणारं काँक्रीट घासून नेतं. जाड झाली तर तिथंच राहते, मग पाइल मातीला नाही, सायीला टेकतो. काळ्या मातीत पाणी झिरपतच नाही, तिथं ही साय नावालाच. जपायचं ते वाळूत.

आणि वेळ जाईल तशी ती वाढते. एकदा संध्याकाळी मिक्सर आलाच नाही, बोअर सकाळपर्यंत तसाच. काँट्रॅक्टर म्हणाला, "भरलेलाच आहे की साहेब, ओता." सळ्यांचा पिंजरा सोडला नव्हता हे नशीब. रिगची (खोदाईच्या मशीनची) बकेट भिंतीला घासून वर काढली, तर कडेला बोटभर घट्ट लगदा! बोअर पुन्हा खरवडला, चिखल बदलला, मगच ओतलं. तेव्हापासून काँक्रीटची गाडी नक्की झाल्याशिवाय मी वाळूतला शेवटचा टप्पा खोदतच नाही.

पावडर आदल्या रात्री भिजवा. सकाळी मार्श कोन, म्हणजे चिखलाचा दाटपणा मोजायचं नरसाळं, लावा: ९४६ मिली उतरायला साधं पाणी २६ सेकंद घेतं, ताज्या बेंटोनाइटला ३० ते ६० हवेत. घनता पाण्याच्या १.०३ ते १.१० पट. चिखलाची पातळी भूजलाच्या दीड मीटर वर ठेवा. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी पेपरात बघितली की मी आधी केसिंग (बोअरच्या तोंडाचा लोखंडी पाइप) उंच करायला सांगतो, म्हणजे चिखलाची पातळीही वर ठेवता येते.

ओतण्याआधी नमुना तळातून घ्या, वरचा बघून फसाल. घनता १.२५ च्या वर गेली तर ताजं बेंटोनाइट फिरवून तळ धुवा. काँक्रीटचा स्लम्प (ते किती पातळ आहे त्याचं माप) १५० ते १८० मिमी, ट्रेमीचं, म्हणजे काँक्रीट तळापर्यंत नेणाऱ्या पाइपचं, तोंड कायम काँक्रीटात.

बेंटोनाइटऐवजी पॉलिमरचं द्रावण वापरलं तर अशी जाड साय धरत नाही. मात्र त्यात वाळू तरंगत नाही, भराभर तळाला बसते. थोडं थांबून, तळ पुन्हा साफ करूनच पिंजरा सोडा.